सोवळ्यावरचा पट्टा

वाराणसी, बुधवार, ३० जुलै २०२५
(नागपंचमीचा दुसरा दिवस)

चि. केयूर,

तुझी एक आजी होती. बनारसला, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. आठवते का? बुटकी, दात चार, जीभ मात्र शाबूत. ती अजून आहे. खात्री नसेल तर तुझ्या आईला विचार. हे पत्र ती आजीच लिहिते आहे. मी बोलते, तुझी आई प्रेमला लिहिते. फोन करून उपयोग नाही. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं खडखडत असतात. पत्राला नुसतं "हो आजी" म्हणता येत नाही.

तू पाठवलेली गाडी पोचली. लहान आहे. बसल्यावर कळतं की बाहेरून दिसते त्याहूनही लहान आहे. सोबत गाडी कशी वापरायची ते सांगणारं, कंपनीसाठी तू स्वतः लिहिलेलं पुस्तकही आलं. चारशे बारा पानं! मी आठ दुपारी प्रेमलाकडून वाचून घेतलं. एवढी पानं खरडलीस, पण गाडी आपल्या गल्लीत शिरत नाही, हे एकाही पानावर नाही. ती मैदागिनजवळ एका ओळखीच्यांच्या अंगणात उभी असते. घरच्या गाडीत बसायचं म्हणून मी दहा मिनिटं पायी चालते. वा रे सोय.

आतली बटणं मी मोजली. वाचता येत नाही, मोजता येतं. चौदा आहेत. एक बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. एक आतली वाफ काचेवरून जावी म्हणून. एक तांबडा त्रिकोण आहे, तो दाबला की चारही कोपऱ्यांतले दिवे डोळे मिचकावतात. तो तुझ्या बापाला फार आवडला. ऐन चौकात गाडी उभी करायला लावतो आणि तो दाबतो. म्हणजे सगळे गुन्हे माफ. समोरच्या फळीत उशी कोंबून ठेवली आहे म्हणे. कुणाच्या निजण्यासाठी, ते पुस्तकात सापडलं नाही.

काल मी मागे बसून दुर्गाकुंडाला गेले. देवळापाशी गाडी थांबली. मी कडी ओढली, दार उघडेना. पुन्हा ओढली. बाहेरून प्रेमलाने उघडलं तेव्हा सुटले. पस्तीस वर्षं मी हिच्यावर डोळा ठेवला, आता हिने मला कोंडलं असं मला वाटलं. ती म्हणते, मला माहीत नाही कसं झालं. चोरांना नेतात त्या गाडीत असं दार असतं.

आता तुझ्या बापाची, आमच्या बिंदूची, करामत ऐक. घाटावर बुडी मारून रेशमी मुकटा नेसला की तो सोवळ्यात. मग श्राद्ध उरकेपर्यंत कुणी त्याला शिवायचं नाही, त्याने कशाला शिवायचं नाही. रिक्षातसुद्धा धाबळी अंथरून बसायचा. लोकरीला विटाळ नसतो, एवढं तुला माहीत असेल. नसेल तर पुस्तकात घाल. गाडीतही पुढच्या सीटवर माझी जुनी धाबळी पसरून बसतो. पण तो बसला की गाडी बोंबलते. टिंग टिंग टिंग. पट्टा लाव म्हणते. आता तो पट्टा म्हणजे गावची चावडी. नाशिकचे यजमान, नागपूरचे यजमान, कुणी सुतकातलं, कुणी पान खाऊन बोटं पुसणारं, सगळ्यांच्या छातीवरून फिरलेला. तो सोवळ्यावरून कसा घ्यायचा? मग बिंदूने पट्टा आधीच खाचेत खटकन अडकवला, त्यावर धाबळी टाकली आणि वर बसला. पट्टा पाठीमागे, भटजी पुढे. गाडी गप्प! तुझ्या चारशे बारा पानांना माझ्या मुलाने दोन मिनिटांत उल्लू बनवलं. पुढच्या खेपेला पुस्तक लिहिशील तेव्हा आधी त्याला विचार.

आशीर्वाद. लग्न झाल्यापासून बारीक झालास असं तुझी देवश्री म्हणाली. तिला म्हणावं, खायला घाल.

तुझी आजी, आनंदी

(केयूर, या ओळी माझ्या. सासूबाईंना वाटतंय मी अजून आशीर्वादच लिहिते आहे. गाडी मी चालवते, म्हणून भीती मला वाटते. हे रोज बेल्टवर बसून जातात आणि समोरच्या फळीवर गंगाजळाने भरलेला पितळी गडू ठेवतात. मी काही म्हटलं की "तू रस्त्याकडे बघ." तू समजाव. मी कळवलं असं मात्र म्हणू नको. — आई)

•

पुणे, ८ ऑगस्ट २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तू आहेस हे विसरायची माझी हिंमत नाही. पुस्तक पूर्ण ऐकणारी तू पहिलीच. माझ्या साहेबांनीसुद्धा ते कधी पूर्ण वाचलेलं नाही.

आधी दाराचं. आईने तुला कोंडलं नाही. त्याला चाइल्ड लॉक म्हणतात. मागचं दार उघडलं की त्याच्या कडेला छोटी खिट्टी दिसते. ती वर सरकवली की दार आतून उघडतं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून ती असते. कारखान्यातून निघताना कुणीतरी खाली केली असेल.

आता बाबांचं. त्यांनी गाडीला फसवलं हे खरं. गाडी बिचारी अडाणी आहे. खाचेत काहीतरी अडकलं आहे एवढंच तिला कळतं. पण आजी, धडक बसली तर ती फसत नाही. फळीतली ती उशी पापणी लवायच्या आत फुगून बाहेर येते. बेल्टने माणसाला मागे धरून ठेवलं असेल तरच ती उशी. नाहीतर माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो आणि ती फुगता फुगता त्याच्या तोंडावर ठोसा मारते. त्यात वर पितळी गडू ठेवलेला असेल, तर तो तोफेच्या गोळ्यासारखा बाबांच्या कपाळात बसेल. फळीवर काहीही ठेवायचं नाही. पान एकशे सहा.

तू बाबांना सांग. तुझं ते ऐकतात.

तुझा, केयूर

•

वाराणसी, गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

चि. केयूर,

गडूचं मी तुला सांगितलं नव्हतं.

पत्र वाचताना प्रेमला गडूपाशी अडखळली, मग भराभर पुढे गेली. मला अक्षर येत नाही म्हणून मी बहिरी आहे असं तुम्हा मायलेकांना वाटतं का? मागच्या पत्रात माझा आशीर्वाद चार शब्दांचा होता आणि पेन पाच मिनिटं कागदावर घासत होतं. मी तेव्हाच समजले. आता मी तिला म्हटलं आहे, तुला काय लिहायचं ते माझ्या देखत लिही, चोरून नको. तर ती म्हणते, "सासूबाई, तुम्हीच लिहा म्हणालात तर मग सांगायला काही राहत नाही." बघ, पस्तीस वर्षांनी बोलायला लागली. गाडीचा एवढा एक उपयोग झाला.

दाराची खिट्टी सापडली. एवढ्याशा खिट्टीसाठी मी बापड्या प्रेमलावर शंका घेतली. चूक तुमच्या कारखान्याची आणि पाप माझ्या माथ्यावर.

बिंदूच्या कपाळावर टेंगूळ आलं आहे. परवा आला तो हात कपाळावर ठेवूनच. मी विचारलं, तर म्हणाला, "देवघराच्या चौकटीला आपटलो." आता ती चौकट मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच आहे. बिंदू चालायला शिकला तेव्हापासून तिच्याखालून वाकून जातो. याच श्रावणात ती खाली कशी आली? मी त्याला काही म्हटलं नाही. प्रेमलाला म्हटलं, "ती कणीक नंतर मळ. बोल."

मंडुवाडीहच्या रस्त्यावर सांड आडवा आला. प्रेमलाने ब्रेक दाबला. पायाखालचं पॅडल थरथर करायला लागलं, तिला वाटलं काही तुटलं, तिने पाय उचलला. पुन्हा दाबला. गाडी सांडाच्या शेपटीपाशी थांबली. तुझा बाप मात्र थांबला नाही. तो आणि धाबळी दोघे पुढे गेले. फळीवर डोकं आपटलं. गडूतलं सगळं गंगाजळ मांडीवर. उशी काही बाहेर आली नाही. एवढ्याशा आपटीला ती उठत नाही म्हणे. सांड जागचा हलला नाही आणि यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिला की मला त्याचं कौतुक वाटतं. आणि या विद्वानाने काय केलं? प्रेमलाला सांगितलं, "आईला चौकट म्हणून सांग." सोवळं मोडायची भीती वाटते, खोटं बोलायची नाही.

मागच्या पत्रात मी त्याचं कौतुक केलं होतं. ते परत घेते. त्याने गाडीला उल्लू बनवलं नाही. उल्लू कोण, ते कपाळावर उगवलं आहे.

मी म्हटलं, "बिंदू, पट्टा लाव." म्हणाला, "आई, चार घरची माणसं माझ्याकडून पिंड द्यायला येतात, ती याच शुचितेसाठी. माझ्याकडे दुसरं काय आहे?" त्याचं तेही खोटं नाही. शाळा सोडून बापाच्या मागे घाटावर बसला तो आजतागायत. हेच त्याचं भांडवल. म्हणून मी रागावले नाही. मी उपाय काढला.

माझी दुसरी धाबळी आहे, लाल काठाची. ती कापून मी त्या पट्ट्याला अभ्रा शिवते. लोकरीची खोळ. मग पट्टा सोवळ्यात. माप घ्यायला प्रेमला उद्या मैदागिनला जाईल. सुई मी स्वतः चालवीन, डोळे अजून आहेत. तू नुसतं कळव की पट्टा किती लांब बाहेर येतो.

तुझी आजी, आनंदी

(सगळं त्यांनी सांगितलं आहे. फक्त एक राहिलं: ते थरथरणारं पॅडल मोडलं आहे का? मला आता ब्रेक दाबायची भीती वाटते. हे त्यांच्यासमोरच लिहिते आहे. — आई)

•

पुणे, ३१ ऑगस्ट २०२५

ती. आजी,

घाईत लिहितो, गणपती आहेत, पण हे थांबणार नाही.

बेल्टला काहीही शिवायचं नाही. खोळ नाही, अभ्रा नाही, टाचणीसुद्धा नाही. तो पट्टा सरकला पाहिजे, झटक्यात आवळला पाहिजे. त्यावर जाड लोकर आली तर तो कडीत अडकेल किंवा ढिला राहील. पान अठ्ठ्याण्णव. ठळक अक्षरांत आहे, मीच ठळक केलं आहे: बेल्टवर कोणतीही वस्तू जोडू नये. आईने तुला ते वाचून दाखवलं असेलच.

आईला सांग, पॅडल मोडलेलं नाही. जोरात ब्रेक दाबला की ते थरथरतंच. चाकं घसरू नयेत म्हणून गाडी स्वतः ब्रेक पटापट सोडते, धरते. ती थरथर म्हणजे गाडी काम करते आहे. पाय उचलायचा नाही. दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. कितीही थरथरलं तरी पाय उचलायचा नाही.

आणि बाबांना सांग, यात सोवळ्याचा प्रश्नच कुठे येतो? बेल्ट हातभर कापडाची पट्टी आहे. लावायला दोन सेकंद लागतात. ते लावणार नसतील तर मी दिवाळीला येतो आणि गाडी विकून टाकतो. मी ती तुम्हाला सुख व्हावं म्हणून पाठवली, कपाळ फोडून घ्यायला नाही.

केयूर

•

वाराणसी, गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५
(पितृपक्ष चालू)

केयूरपंत,

तुम्हाला शास्त्रीबुवा म्हणायला हवं. तुझा बाप म्हणतो, "पट्टा अंगाला लागता कामा नये, असं आहे." तू म्हणतोस, "पट्ट्याला काही लागता कामा नये, असं आहे." त्याला विचारलं का, तर तो पोथी दाखवतो. तुला विचारलं का, तर तू पान अठ्ठ्याण्णव दाखवतोस. तुझा शर्ट पँटमध्ये खोचलेला आणि त्याची शेंडी बाहेर, एवढाच फरक. म्हणे सोवळ्याचा प्रश्नच कुठे येतो! अरे, ज्याच्या अंगावर आहे त्याला येतो. जो प्रश्न तुला पडत नाही तो तू कसा सोडवणार? आणि गाडी विकतो म्हणालास तेव्हा प्रेमलाचा वाचतानाचा आवाज बसला, तो तुला पुण्यात ऐकू आला नसेल. छपन्नाव्या वर्षी ही बाई गाडी शिकली. मैदागिनहून गाडी काढते तेव्हा चहावालेसुद्धा बाजूला होतात. कुणाची गाडी विकतोस तू?

कात्री ठेवून दिली. खोळ शिवत नाही. पण परवा सकाळी मी बिंदूला मुकटा नेसलेला असतानाच अंगणात उभा केला. लांबून, शिवले नाही.

"बिंदू, सीटवर किती लोक बसून गेले?"

"असतील पन्नास."

"मग तू बसतोस तो?"

"मध्ये धाबळी असते ना, आई."

"बरं. आणि पट्टा कितीजणांच्या छातीवरून गेला?"

"तेच पन्नास."

"मग त्याच्या आणि तुझ्या मध्ये धाबळी आली तर?"

एवढा मोठा वैदिक, तोंड उघडं.

"शास्त्रात असं नाही," म्हणाला.

"शास्त्रात गाडी आहे का? ती चालते तुला. पट्ट्याला काही शिवायचं नाही, तुझ्या लेकाचं सोवळं मोडेल. तूच माझी दुसरी धाबळी अंगावर घे, उपरण्यासारखी, गळ्यापासून मांडीपर्यंत, एकच पदर. तिच्यावरून पट्टा. उतरलास की धाबळी गाडीत ठेव आणि आहेस तसा सोवळ्यात चालायला लाग."

"पट्टा धरणार कोण? हात लागेल."

तेव्हा स्वयंपाकघरातून प्रेमला म्हणाली, "मी लावीन. तुम्ही हात वर करून बसा."

"लहान पोरासारखं?"

"पोरं ऐकतात."

केयूर, मी साठ वर्षं या घरात हसू दाबते आहे. त्या दिवशी दाबलं नाही. त्यामुळेच बिघडलं. बिंदूला राग आला. "दोघी मिळून माझी थट्टा मांडली आहे," म्हणाला आणि निघाला. प्रेमलाने किल्ली कमरेला खोचली. म्हणाली, "पट्ट्याशिवाय मी गाडी चालू करणार नाही. तुमचं सोवळं तुम्हाला, माझं मला." झालं. तीन दिवस महाराज टोटोत, त्या बॅटरीच्या रिक्षात, बसून जात आहेत. टोटोला पट्टा नाही, उशी नाही, दारंसुद्धा नाहीत. त्याच्या जिवाला तीच शोभते. परत येतो तो धुळीने माखलेला, तरी म्हणतो, "हवा छान लागते."

पण सर्वपित्रीला प्रयागला जायचं आहे. अमरावतीचे यजमान संगमावर थांबणार आहेत, चार पिढ्यांचे आपले यजमान. टोटो तिथवर जात नाही. दुसऱ्याची गाडी केली तर तिथेही पट्टा आहेच, आणि वर परका माणूस. म्हणजे एकवीस तारखेला तुझा बाप एकतर पट्टा लावेल, नाहीतर यजमान गमावेल, नाहीतर पट्ट्यावर बसायचा हट्ट धरून घरच्या बाईशी रस्त्यात भांडेल. मला तिसऱ्याची धास्ती आहे. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. धाबळी मी धुऊन वाळत घातली आहे. रोज तिच्याकडे बघून जातो.

आता तू, पंडितजी, पान शोध आणि एवढंच कळव: माणसाने अंगावर लोकर पांघरली तर तुझा ग्रंथ कोपतो का?

आजी

•

पुणे, १६ सप्टेंबर २०२५

ती. आजी,

सगळं पुस्तक चाळलं. पांघरलेल्या धाबळीबद्दल एक ओळ नाही. हिवाळी जाकिटाबद्दल आहे: जाड, फुगलेले कपडे बेल्टखाली नकोत. तुझी धाबळी पातळ असेल, एकच पदर असेल, तर चालेल. बेल्टखाली हवा राहता कामा नये. दोन गोष्टी आईला नीट वाचून दाखवायला सांग. खालचा पट्टा पोटावरून नको, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर. बाबांचं पोट बघता आईला तो खाली सरकवावा लागेल. वरचा खांद्याच्या मध्यावरून. मानेवरून नको, काखेतून तर नकोच. मग झटका देऊन ओढून बघायचा.

गडू मागच्या सीटच्या खाली, पिशवीत.

गाडी विकणार नाही. तो माझा आगाऊपणा होता. देवश्रीने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला एकदा टोचून दाखवलं.

आजी, ते पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस असायचा. शर्ट-पँट घातलेला, एकटा, शहाणा. बाबा कधी आले नाहीत डोळ्यांसमोर. आता लिहायला बसलो की येतात.

एकवीसला निघाले की मला एक फोन करायला सांग. पोचल्यावर दुसरा.

केयूर

•

वाराणसी, मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५
(अष्टमी)

चि. केयूर,

अक्षर ओळखलंस का? तुझ्या बापाचं आहे. प्रेमलाचं मनगट प्लास्टरमध्ये आहे, म्हणून आज हा लिहितो आहे. मी त्याला आधीच बजावलं आहे की मी सांगेन ते अक्षरन् अक्षर लिहायचं. वाचून दाखवायला प्रेमला शेजारी बसली आहे. बिंदू, एक शब्द गाळलास तर कळेल.

लिही: माझा मुलगा गाढव आहे.

लिहिलं म्हणतो. प्रेमलाने पाहिलं. लिहिलं आहे.

फोनवर तुला अर्धंच कळलं, कारण तू रडत होतास आणि तुझा बाप "काही नाही, काही नाही" म्हणत होता. आता नीट ऐक. त्या दिवशी सकाळी सहाला हा अंघोळ करून मुकटा नेसून आला आणि वाळत घातलेल्या धाबळीसमोर उभा राहिला. काठीने ती दोरीवरून उतरवली आणि खांद्यावर घेतली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा दोरीवर टाकली असती. मैदागिनला गाडीत बसल्यावर हात वर केले. प्रेमलाने पट्टा लावला, खाली सरकवला, झटका देऊन बघितला. हा डोळे मिटून स्तोत्र म्हणत होता, फाशी द्यायला नेतात तसं तोंड करून.

गोपीगंजच्या पुढे मोठ्या रस्त्यावर विटांची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर दुभाजकातल्या फटीतून एकदम आडवा वळला. ना हात, ना दिवा. प्रेमलाने ब्रेक दाबला. पॅडल थरथरलं. तिने पाय उचलला नाही. म्हणते, "तुमच्या नातवाचे शब्द कानात होते, कितीही थरथरलं तरी." वळवली तेवढी वळली. गाडीचं नाक डाव्या बाजूने ट्रॉलीच्या चाकावर बसलं. म्हणजे बिंदूच्या बाजूने.

उशी आली. दोन्ही आल्या. मी निजायला ठेवली आहे का म्हणून विचारलं होतं ना? प्रेमला म्हणते, बंदुकीसारखा आवाज झाला आणि आत पांढरी पूड उडाली. तिने शेजारी बघितलं तर बिंदू पांढराफटक, भस्म फासल्यासारखा, डोळे उघडे आणि बोलत नाही. तिला वाटलं गेला. तेवढ्यात म्हणाला, "गडू कुठे आहे?"

तेवढं लिहिताना कान लाल झाले त्याचे. होऊ देत.

जबड्यावर उशीचा मार आहे. एक बरगडी तडकली आहे. आणि खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा काळानिळा पट्टा उमटला आहे, चार बोटं रुंद, जानवं ज्या खांद्यावरून जातं त्याच खांद्यावरून. डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, ये निशान नहीं होता तो आप नहीं होते." परक्या माणसाने सांगितलं तेव्हा पटलं. घरात मी महिनाभर ओरडत होते ते गेलं गल्लीत.

पुढचं लिही. थांबू नको. लिही, बिंदू.

गाडीचं दार चेपलं होतं. मागून ट्रक आला, त्यातला ट्रकवाला उतरला. त्याने आणि दोन शेतकऱ्यांनी दार उपटून काढलं. पट्टा सुटेना, तो त्याने आपल्या चाकूने कापला. बिंदूला काखेत हात घालून उचललं, बाजेवर निजवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. उष्टी बाटली. तो कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. बिंदूने घटाघटा प्यायलं. अंगावर मुकटा होता, सोवळं होतं. मी विचारलं, "तेव्हा काय वाटलं?"

पेन थांबलं आहे त्याचं.

म्हणतो, "पाणी गार होतं."

बस. एवढंच लिही. ही एक ओळ तुझ्या चारशे बारा पानांत घाल, केयूर, आणि त्याच्या पोथीतही.

अमरावतीच्या यजमानांनी संगमावरून फोन केला. मी म्हणाले, श्राद्ध राहिलं. तर म्हणाले, "आजी, गुरुजी वाचले, आमचे पितर जेवले." ते यजमान कुठे जात नाहीत. बिंदूला हे कळल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. माझी लाल काठाची धाबळी कापली गेली नाही, फक्त पुडीने पांढरी झाली आहे. धुतली नाही. बिंदू म्हणतो, राहू दे तशी. धुईन मी, मला असली नाटकं चालत नाहीत.

गाडी दुरुस्तीला गेली आहे. पट्टे नवे, उश्या नव्या. विम्याचा माणूस येऊन फोटो काढून गेला. प्रेमला प्लास्टर निघायचे दिवस मोजते आहे आणि मला विचारते, "सासूबाई, पुढच्या वेळी तुम्ही पुढे बसाल?" मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याची जागा मला नको, मी मागेच बरी; पण मागेही पट्टा आहे ना, तो मला लावून दे. मला काही सोवळं नाही, मला काही पुस्तक नाही, मला एक वर्ष अजून जगायचं आहे.

तू दिवाळीला येशील तेव्हा ये. तिकीट मिळत नाही म्हणून हातपाय आपटू नको. इथे रडायला माणसं पुरेशी आहेत. तू मात्र उद्याच्या उद्या एक काम कर. जबड्यामुळे बिंदूला चावता येत नाही, दोन्ही वेळा मऊ भात चालू आहे, आणि इथल्या बाजारात मेतकूट मागितलं तर सत्तू पुढे करतात. तेव्हा मेतकूट पाठव. दुकानातलं नको, देवश्रीला घरी भाजायला सांग, डाळी मंद आचेवर, घाई नको. हळद बेताची. तिखट बिलकुल घालू नको. ठसका लागला की त्याची बरगडी कळवळते, आणि मग मला उठून बसावं लागतं.